पावणेपाचचं रात्रीचं जेवण

मुळात आमच्या घरी स्वयंपाक गॅसवर होतो. वाचकांनी हे वाक्य लेखभर लक्षात ठेवावं. मी ठेवलं नव्हतं.

आमच्या नाशिकमधल्या इंदिरानगरच्या फ्लॅटला स्मार्ट मीटर बसला होता आणि पेपरात बातमी आली होती. असा मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना १ जुलै २०२५पासून सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळात वापरलेल्या विजेवर युनिटमागे ८० पैसे सवलत, आणि पुढच्या काही वर्षांत ती वाढत वाढत रुपयापर्यंत जाणार. वीज नियामक आयोगाचा हिशेब सरळ आहे. दुपारी सौर वीज भरपूर असते. सूर्य कलला की ती आटते, आणि नेमके तेव्हाच घरोघरचे दिवे, टीव्ही, मिक्सर, पाण्याचे पंप जागे होतात. ती संध्याकाळची चढण चढायला कोयनेची जनित्रं फिरवावी लागतात, घाटघरचं पाणी सोडावं लागतं. घाटघर म्हणजे आपल्या भंडारदऱ्याच्या पलीकडे. तिथे मागणी कमी असताना खालच्या धरणातलं पाणी पंपाने डोंगरावर चढवतात आणि मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून २५० मेगावॅट वीज काढतात. आपल्या चटणीच्या वाटणापायी एक तळं डोंगर चढतं आणि उतरतं, हे वाचल्यापासून मला संध्याकाळी मिक्सरचा आवाज ऐकवेना.

कुणाही शहाण्या माणसाने एवढ्यावर कपड्यांचं मशीन सकाळी दहाला लावलं असतं आणि विषय संपवला असता. पण मी सातपूरच्या एका कारखान्यात देखभाल विभागात उभा जन्म काढलेला माणूस. कारखान्यांना वेळेनुसार दर जुनेच. आमच्या काळी रात्री १० ते सकाळी ६ वीज स्वस्त आणि संध्याकाळी ६ ते १० महाग असायची. आमची हीट ट्रीटमेंटची भट्टी मी रात्रपाळीला नेली होती, आणि माझ्या निरोपसमारंभात माझ्याविषयी जे एकमेव खरं वाक्य बोललं गेलं ते या भट्टीबद्दल होतं. निवृत्त माणसाजवळ असं एक वाक्य असलं की तो त्यावर बराच काळ काढतो. भट्टीला जे जमलं ते भाताला का जमू नये, असं माझ्या मनाने घेतलं.

रविवारी सगळे घरात सापडल्यावर मी फ्रिजच्या दारावर वेळापत्रक लावलं. सकाळचं जेवण साडेअकरा, रात्रीचं जेवण पावणेपाच.

"रात्रीचं पावणेपाचला?" सूनबाईने विचारलं. ती शाळेत शिकवते, त्यामुळे वाक्यातली चूक तिला दुरूनही दिसते.

बायको चष्मा लावून बराच वेळ कागद वाचत राहिली. मग म्हणाली, "पण अहो, आपला गॅस आहे."

हा मुद्दा माझ्या डोक्यात आलाच नव्हता. पण तोवर वेळापत्रक लॅमिनेट झालं होतं. "म्हणूनच तर," मी म्हणालो, "आपण इंडक्शन शेगडी घेतोय."

"म्हणजे जी वीज आपण वापरतच नाही," मुलगा म्हणाला, "ती आधी वापरायला लागायचं आणि मग तिची वेळ बदलायची?"

मुलगा अमेरिकेतल्या कंपनीचं काम घरून करतो. तिकडे सकाळ झाली की त्याची संध्याकाळ सुरू होते. अशा माणसाने वेळेबद्दल बोलू नये, असं सांगून मी आकड्यांकडे वळलो. एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्रात २१० मेगावॅटचे तीन संच, म्हणजे ६३० मेगावॅट. एक इंडक्शन शेगडी दोन किलोवॅटची. भागाकार केला की तीन लाख पंधरा हजार शेगड्या. एवढ्या घरांनी आपली शेगडी संध्याकाळऐवजी दुपारी लावली, तर संध्याकाळपुरतं एक अख्खं एकलहरे मोकळं!

"म्हणजे आपण एकलहऱ्याचा तीन लाख पंधरा हजारावा भाग," बायको म्हणाली. "आणि त्यासाठी माझी दुपारची झोप जाणार."

झोपेचा रकाना वेळापत्रकात नव्हताच. मी ५ एप्रिल २०२०ची आठवण काढली. त्या रात्री ९ वाजता देशाने नऊ मिनिटं दिवे मालवले आणि मागणी ३१ हजार मेगावॅटहून जास्त उतरली. लोकांनी मनावर घेतलं की काय होतं बघा! बायको म्हणाली की त्या नऊ मिनिटांत मी काळोखात दुसऱ्यांदा भात वाढून घेतला होता. मग मी इंग्लंडला गेलो. ४ जुलै १९९०ला विश्वचषक फुटबॉलच्या उपांत्य सामन्यात पेनल्टीवर पश्चिम जर्मनीकडून हरल्यावर तिथले लोक एकदम चहाच्या किटल्या लावायला उठले, आणि मागणी तिथल्या तिथे २,८०० मेगावॅटने उसळली. म्हणजे चार एकलहरे आणि वर थोडं, नुसत्या चहाला.

"हरल्यावर चहा?" आई म्हणाली. "आपल्याकडे हरल्यावर लोक जेवत नाहीत."

आईचा या योजनेला विरोध होता आणि त्याला जन्मापासूनचं कारण होतं. दुसऱ्या महायुद्धात, १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५, सरकारने देशाचं घड्याळ तासभर पुढे सरकवलं होतं, दिवसाचा उजेड जास्त वापरता यावा म्हणून. आईचा जन्म पंचवटीतला, १९४३चा. आजोबांनी जन्मवेळ टिपली ती पुढे सरकवलेल्या घड्याळाची, आणि पत्रिका करणाऱ्याने तो तास वजा केलाच नाही. लग्नाच्या वेळी दुसऱ्या ज्योतिषाला हे कळलं तेव्हा लग्नरास बदलली, आणि तिच्यासोबत होणाऱ्या नवऱ्याचा स्वभावही बदलला. "पहिल्या पत्रिकेत शांत होता," आई म्हणते. "सरकारने एकदा घड्याळ हलवलं आणि मला तुझे वडील मिळाले. आता तू हलवतोयस." घड्याळ कायमचं अर्धा तास पुढे करावं, म्हणजे संध्याकाळची वीज वाचेल, असं बंगळूरच्या शास्त्रज्ञांनी मागे सुचवलं होतं, हे मी तिला सांगितलं नाही.

बायकोचा आक्षेप वेगळा होता. तिच्या मते यात नवीन काहीच नव्हतं. भारनियमनाच्या वर्षांत, म्हणजे २०१२पर्यंत, विजेची गळती आणि बिलांची वसुली बघून भागांचे गट पाडलेले असायचे आणि वीज जायच्या वेळा पेपरात छापून यायच्या. तो कागद तिच्याही फ्रिजवर होता. वीज जायच्या आत वाटण, वीज जायच्या आत इडलीचं पीठ, वीज जायच्या आत टाकीत पाणी, पोरांच्या शाळेच्या शर्टांना इस्त्री. "तेव्हा तुम्ही काय करत होतात?" तिने विचारलं. तेव्हा मी भट्टीची वेळ बदलत होतो. ते तिला माहीत होतं.

शेगडी आली. दुकानदाराने जाता जाता सांगितलं की लोहचुंबक चिकटेल तेच भांडं चालतं. मी फ्रिजवरचा सप्तशृंगी देवीचा चुंबक काढून स्वयंपाकघर तपासायला घेतलं. अॅल्युमिनियमचा कुकर: नाही. पितळी पातेलं: नाही. तांब्याच्या बुडाची कढई, जी आम्ही लग्नात मिळाली म्हणून जपली होती: नाही. स्टीलची भांडी: तीही नाही. भिडाचा तवा आणि अडकित्ता, एवढेच परीक्षेत पास झाले. नवा कुकर, नवी कढई, नवं पातेलं असा दुसरा संसार मांडावा लागला. सवलतीतून ती भांडी किती वर्षांत फिटतील, हे मी कागदावर मांडलं आणि तो कागद फाडला.

बाजरीच्या भाकरीने तर सरळ असहकार पुकारला. भाकरी तव्यावर भाजता येते, पण फुगायला तिला जाळ लागतो. मी अभियंता, मला उष्णता कळते. मी भाकरी थेट शेगडीच्या काचेवर ठेवली. शेगडीने दोनदा पीप केलं, ई-शून्य असा निरोप दाखवला आणि ती बंद पडली. तिच्या मते तिच्यावर काहीच ठेवलेलं नव्हतं. बायकोने न बोलता भाकरी उचलली, गॅस पेटवला, भाकरी टम्म फुगवली आणि ताटात टाकली.

पावणेपाच ही वेळ मी फार कधी नीट बघितली नव्हती. तेव्हा पोरं खाली क्रिकेट खेळत असतात, भाजीवाल्याची गाडी नुकतीच फाटकाशी लागते, सूनबाई शाळेतून परतत असते आणि मुलगा दिवसाची पहिली जांभई देतो. अशा वेळी आम्ही वरण-भात-पोळी-भाजी पुढ्यात घेऊन बसू लागलो. भूक कुणालाच नसायची. मी तोंडाने पोळी चावत, डोळ्यांनी घड्याळ बघत सगळ्यांना पाचच्या आत उरकायला सांगायचो. पाचची अट विजेला आहे, चावण्याला नाही, हे नातवाने मला समजावलं. आईच्या गोळ्या जेवणानंतरच्या, म्हणून डॉक्टरांना फोन केला.

"रात्रीचं जेवण किती वाजता होतं त्यांचं?"

"पावणेपाच."

"पहाटे?" डॉक्टरांनी काळजीने विचारलं.

आधार म्हणून मी तळमजल्यावरच्या शेठजींकडे गेलो. ते जैन, त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सूर्यास्ताच्या आत जेवण. आता आपण एकाच पंगतीचे, असं मी त्यांना मोठ्या उत्साहाने सांगितलं. शेठजींनी ऐकून घेतलं. म्हणाले, "भाऊ, आमचा चोविहार असतो. दिवस मावळल्यावर पाणीसुद्धा नाही. तुम्ही हे ऐंशी पैशांसाठी करताय?" मी हो म्हटलं. "मग घाई करू नका," ते म्हणाले. "रुपया तरी होऊ द्या."

शेठजींच्या घरात आणि आमच्या घरात फरक पडला तो सूर्यास्तानंतर. पावणेपाचला जेवलेल्या माणसाला नऊला काय होतं, हे मी भट्टीच्या अनुभवावरून ओळखू शकलो नव्हतो. भट्टीला एकदा विझवली की परत भूक लागत नाही. पहिल्या काही रात्री मी निग्रहाने लवकर झोपलो. नंतर मध्यरात्रीपूर्वी फ्रिज उघडून उभा राहू लागलो. एकदा आत हात घातला आणि मागून आईचा आवाज आला, "बाजूला हो, माझं दूध त्यामागे आहे."

मग मुलाने मोबाइलवर आमच्या घराच्या वापराचा तासागणिक आलेख काढून दाखवला. दिवसा, चार-साडेचारला, एक टेकडी होती. तिच्याकडे बघून माझा ऊर भरून आला. पण पुढे नऊ-सव्वानऊला दुसरी होती आणि ती पहिलीपेक्षा उंच होती. चौकशी बसली. सूनबाई दमून येते म्हणून तिने मायक्रोवेव्हमध्ये पोळीभाजी गरम केली होती. मुलाने कामाच्या मधल्या सुट्टीत अंडी उकडली होती, इंडक्शनवर. नातवाने नूडल्स, इंडक्शनवर. आईने दूध, तेही इंडक्शनवर, कारण गॅसपेक्षा तिला ते बटण आवडलं होतं. गुपचूप खाणारे आपण एकटेच, अशी प्रत्येकाची समजूत होती.

"आणि ही पावणेअकराची बारकी टेकडी कुणाची?" बायकोने विचारलं.

टोस्टरचे चटके माझ्या अंगठ्यावर अजून होते. मी हात खिशात घातला.

थोडक्यात, पूर्वी ज्या घराचं रात्रीचं जेवण विजेच्या कमाल मागणीत जवळजवळ शून्य भर घालत होतं, ते घर आता माझ्या कृपेने संध्याकाळच्या चढणीवर दोन किलोवॅट घेऊन उभं होतं. घाटघरचं तळं आधी आमच्यासाठी नुसतं वाटणापुरतं उतरायचं. आता ते अंड्यांसाठीही उतरत होतं.

इतकं होऊनही योजना टिकली असती. कारण घरातलं कुणीच मला थेट बंद करा म्हणत नव्हतं, आणि वेळापत्रक लॅमिनेट केलेलं होतं. पण दिवाळीनंतर धुळ्याहून व्याही आले.

फोनवर मी म्हणालो होतो, "रविवारी जेवायलाच या. साडेचारपर्यंत पोचा." त्यांनी हिशेब लावला की साडेचारला पोचायचं, चहा घ्यायचा, गप्पा मारायच्या, रात्री जेवायचं. म्हणून वाटेत चांदवडला गाडी थांबवून दोघं ढाब्यावर शेवभाजीवर आडवा हात मारून आले. पावणेपाचला त्यांच्यापुढे ताटं आली. पुरणपोळी, कटाची आमटी, भरली वांगी, भजी, कुरडया. व्याह्यांनी आधी ताटाकडे पाहिलं, मग घड्याळाकडे, मग आपल्या मुलीकडे. सूनबाई भिंतीकडे पाहत होती.

"आत्ता?" विहीणबाई म्हणाल्या.

"गरम आहे तोवर," मी म्हणालो, आणि व्याह्यांच्या पानात दुसरी पोळी वाढली. खानदेशी माणूस वाढलेल्या ताटाला नाही म्हणत नाही. त्यांनी कमरेचा पट्टा एक भोक सैल केला आणि गंभीरपणे जेवायला सुरुवात केली. त्यांना हा घरचा नाश्ता वाटत होता, हे मला फार उशिरा कळलं. नाश्त्यालाच एवढं, तर रात्री काय असेल, या धास्तीने त्यांनी चौथी पुरणपोळी नाकारली आणि मी मनाला लावून घेतलं.

साडेआठला दिवाणखान्यात बोलणं विरळ व्हायला लागलं. व्याही उठून हात धुऊन आले. बसले. थोड्या वेळाने पुन्हा हात धुऊन आले. मी त्यांना टॉवेल दिला. विहीणबाई आत जाऊन "काही मदत करू का?" विचारून परतल्या, आणि त्यांचा चेहरा उतरला होता, कारण ओटा पुसून कोरडा झालेला होता. मी आनंदात त्यांना कोयनेची जनित्रं समजावून सांगत होतो.

शेवटी नातू म्हणाला, "आजोबा, आमच्याकडे रात्रीचं जेवण संध्याकाळीच होऊन जातं. वीज वाचते."

"मग रात्री काय होतं?" व्याह्यांनी विचारलं.

"रात्री नूडल्स होतात. पण सांगायचं नसतं."

बायको उठली. तिने गॅस पेटवला, एकीकडे कुकर चढवला, दुसरीकडे पिठल्याला फोडणी दिली. मिक्सरवर शेंगदाण्याची चटणी फिरली, वरचा पंखा लागला, घरातले झाडून सगळे दिवे लागले. राज्याची संध्याकाळची मागणी त्या घटकेला जिथे कुठे असेल तिथून आम्ही ती आणखी थोडी वर ढकलली. वीस मिनिटांत पानं वाढली गेली. पुरणपोळीला न मिळालेली दाद व्याह्यांनी पिठल्याला दिली आणि भात तीनदा मागून घेतला. मीही दोनदा घेतला. कुणीतरी पाहुण्यांना सोबत करायला हवीच.

त्या महिन्याचं बिल बायकोने स्वतः उघडलं. घरगुती विजेचे दर टप्प्याटप्प्याने चढतात, शंभर युनिटांपर्यंत एक, तीनशेपर्यंत दुसरा, पुढे तिसरा. आम्ही वर्षानुवर्षं तीनशेच्या आत सुखाने नांदत होतो. शेगडीने आम्हाला तीनशेच्या पार नेऊन सोडलं होतं आणि वरच्या युनिटांचा दर बघून मी चष्मा पुसला. सवलतीची रक्कम होती, नाही असं नाही. पण ती दिवसभरातल्या सगळ्याच वापरावर मिळते. म्हणजे तिच्यातला बराचसा वाटा आमच्या फ्रिजने कमावलेला होता, ज्याला मी एका शब्दाने काही सांगितलं नव्हतं. उरलेला कपड्यांच्या मशीनचा. ते तर बायको जुलैपासूनच सकाळी दहाला लावत होती. इस्त्री दुपारी दोनला. गिझरसुद्धा तिने नऊच्या पुढे सरकवला होता, फक्त माझ्या आंघोळीपुरता. मला वाटत होतं, हिवाळ्यामुळे पाणी उशिरा तापतंय.

"हे तू फ्रिजवर लावलं नाहीस," मी म्हणालो.

"फ्रिजवर जागा होती का?"

वेळापत्रक आता नातवाच्या चित्रकलेच्या वहीखाली असतं, रंग सांडले तर ओटा खराब होऊ नये म्हणून. शेगडीवर बायको दुपारी लोणी कढवते. मंद आचेला ती बरी आहे म्हणते. जेवण पुन्हा साडेआठला होतं आणि गॅसवर होतं. मधे विहीणबाईंचा फोन आला. शनिवारी नाशिकला काम आहे, तसेच घरी येतोय, म्हणाल्या. मी म्हटलं, अवश्य या. फोनवर थोडा वेळ शांतता पसरली.

"नाही, विचारून ठेवते," त्या म्हणाल्या. "जेवून येऊ, की येऊन जेवू?"

मी तोंड उघडलं होतं, तेवढ्यात बायकोने फोन हातातून काढून घेतला.